चुलीवरचा उजवा हात

श्रावण लागला की मी निळे खडे भाजायला घेते. कानाच्या डॉक्टरांनी ऐकण्याचं यंत्र दिलं तेव्हा सोबत एक डबीही दिली. झोपताना यंत्र काढून त्या डबीत ठेवायचं. तळाशी निळे खडे असतात, ते हवेतली ओल पितात आणि पिऊन पिऊन गुलाबी होतात. "गुलाबी झाले की नवी डबी घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "नवी कशाला? मंद तव्यावर भाजले की परत निळे होतात." हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. "मी पूर्वी एक हार्ड डिस्क सांभाळत असे," मी म्हटलं, "पावसाळ्यात." डॉक्टरांनी माझ्या कानातल्या यंत्राचा आवाज थोडा वाढवला.

त्यांचं चुकलं असं नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट, आणि तेव्हा रत्नागिरीत हार्ड डिस्क हा शब्द माहीत असलेली माणसं एका रिक्षात मावली असती. त्यातली एक मी, आणि तीही नाइलाजाने.

आमचं घर भाट्याच्या खाडीपलीकडे, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. अशा घरात पावसाळ्यात काय होतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. मिठाचं पाणी होतं, पापड वाकतात, काडेपेटी रुसते, कपाटातल्या चपलांना पांढरी दाढी येते. मी शहरातल्या वाचनालयात ग्रंथपाल होते. म्हणजे लोकांच्या समजुतीप्रमाणे वाचत बसायची आणि प्रत्यक्षात जून ते सप्टेंबर फडक्याने बुरशी पुसायची. थोरामोठ्यांचे ग्रंथ कातडी बांधणीचे, त्यामुळे बुरशी त्यांना आधी धरायची. पातळ कव्हरांच्या रहस्यकथा मात्र हातोहात फिरत राहायच्या आणि ठणठणीत असायच्या. ज्ञान टिकवायचं असेल तर ते वापरात ठेवावं, हा धडा मला कुठल्या ग्रंथात मिळाला नाही, त्यांच्या पुठ्ठ्यांवर मिळाला.

माझा नवरा विश्वास बोटीवर इंजिनिअर होता. बोटीवरची माणसं परदेशाहून टेपरेकॉर्डर आणतात, साड्या आणतात, अत्तरं आणतात. विश्वासने सॅम्पलर आणला. पेटीसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या, वर हाताच्या पंजाएवढा पडदा, बाजूला फ्लॉपीची फट, आणि वजन भाताच्या अर्ध्या पोत्याएवढं. माझ्या सासूबाई, म्हणजे माई, त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "हे काय आणलान ह्याने? पेटी तर आहे आपल्याकडे."

विश्वासने समजावलं की हे वाद्य स्वतःहून काहीच वाजत नाही. त्याला एखादा आवाज ऐकवायचा, ते तो जसाच्या तसा लक्षात ठेवतं, आणि पट्टी दाबली की परत देतं. वीज गेली की मात्र सगळं विसरतं. म्हणून पोटात हार्ड डिस्क. ती खरी स्मरणशक्ती. रोज सकाळी उठून तिच्याकडून सगळं परत शिकून घ्यायचं.

"म्हणजे पोपट," माई म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात पोपटाला पहिला धडा माझ्या सासऱ्यांनी दिला. आप्पा वाडीतल्या भजनाचे पखवाजी. पडवीत बसून ते एकेक बोल वाजवत, विश्वास बटण दाबे. उजव्या हाताने शाईच्या बाजूचे ता, ना, दिं. डाव्या हाताने, जिथे ओली कणीक थापतात त्या बाजूचा घे. मधे माई काठी घेऊन कावळे हाकत होत्या, कारण यंत्र पखवाज आणि कावळा असा भेदभाव करत नव्हतं. तरी एका 'दिं'च्या मागे एक कावळा राहिलाच. पुढे भजनात तो 'दिं' आला की कावळाही हजेरी लावून जाई आणि पितृपक्ष जवळ आल्यासारखं वाटे.

तेव्हा तो नुसता खेळ होता. दिवाळीनंतर आप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणं परत आलं, तोकडं. पाय परत आला, फरफटत. हात आला नाही. आप्पांनी पखवाजाला खोळ घातली. विश्वास सुट्टीवर आला तो थेट यंत्रापाशी बसला. आप्पांचे सगळे बोल त्याने लागोपाठच्या पट्ट्यांवर बसवले, अशा बेताने की एका डाव्या हाताने सगळे वाजवता यावेत. आप्पांनी एक पट्टी दाबली. ता आला. त्यांचाच, शाईवर बोट आपटल्यावर जो किंचित कोरडा कडका येई, त्याच्यासकट. त्यांनी परत दाबली. मग दुपारचं जेवण थंड होईपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

माघी गणपतीला त्या यंत्राचं उद्घाटन झालं. ते आधीच चालू होतं, पण उद्घाटनाला अशा गोष्टींची अडचण होत नाही. पुढाकार पांडुबुवांचा. भजनी मंडळाचे बुवा, गळा गोड, स्वभाव वाईट नाही, पण माइक दिसला की त्यांचं पाणी व्हायचं. बाराव्याच्या जेवणालाही 'आजच्या या मंगल प्रसंगी' अशी सुरुवात केल्याचं मी ऐकलेलं आहे. त्यांनी यंत्राला हार घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी फ्लॉपीच्या फटीकडे निघालं तेव्हा मी पदर पुढे केला. पाहुण्यांनी भाषणात यंत्राला संगणक म्हटलं आणि आता खेड्यापाड्यांतला बळीराजा बटण दाबताच हवामान जाणून घेईल, असं सांगितलं. त्यावर आप्पांनी पट्टी दाबली. दिं झाला, कावळा ओरडला. हवामान कळलं.

पाऊस सुरू होण्याआधी विश्वास बोटीवर गेला. जाताना मला बसवून सगळं शिकवलं. "शैला, बाकी काही बिघडलं तर बिघडू दे. डिस्क जपायची."

डिस्क जपणं हे काम दिसायला काहीच नाही आणि संपतही नाही. यंत्र फार दिवस बंद ठेवायचं नाही, अधूनमधून चालू करून आतली चकती फिरती ठेवायची. व्होल्टेज नाचत असेल तेव्हा हात लावायचा नाही. डिस्कवर काही लिहिलं जात असताना त्याच लाइनीवर मिक्सर चालवायचा नाही, म्हणजे चटणी आणि पखवाज यांत निवड करायची. मागच्या पंख्याची स्पंजाची जाळी धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यंत्र जागचं हलवायचं झालं तर आधी पडद्यावर हुकूम देऊन आतली सुई कडेला नेऊन ठेवायची. चकती आणि सुई यांच्यात केसाएवढंही अंतर नसतं. सुई मधेच राहिली आणि धक्का बसला तर चकतीवर ओरखडा. ओरखडा म्हणजे तिथला आवाज गेला.

दमटपणावरचा उपाय माझ्या धाकट्या भावाने आणला. तो दापोलीला शेतकी शिकत होता. तिथे बियाणं कोरडं ठेवायला हे निळे खडे वापरतात. यंत्रावर प्लास्टिकची खोळ, आत खड्यांच्या वाट्या. खडे गुलाबी झाले की मी ते तव्यावर भाजायची. शेंगदाण्यांसारखे हलवत राहायचे, नाहीतर तडकतात.

"काय गो, आज पण निळी साखर भाजतेस?" माई विचारायच्या.

"साखर नाही माई, औषध आहे. यंत्राला ओल बाधू नये म्हणून."

"पखवाजाला कधी लागलं नाही हो औषध."

हे खरं होतं. आमच्या स्वयंपाकघरात चुलीवर, हात उंच करून पोचेल अशी बांबूची फळी टांगलेली होती. पावसाळ्यात कोरडं राहायला हवं ते सगळं तिच्यावर: नारळ, कोकमाची सोलं, सुकी मासळी, बियाण्यासाठी राखलेला भोपळा, आणि एका टोकाला पखवाज. चुलीच्या उबेने त्याचं कातडं ताणलेलं राही. माईंच्या सासूनेही तसंच केलं होतं. इतक्या पावसाळ्यांत त्या फळीवरचं काही नासलं नाही. असा पुरावा मला माझ्या ग्रंथांच्या बाजूने देता आला नसता.

यंत्र चालू केलं की आधी बारीक शीळ यायची, ती चढत चढत एका जागी ठरायची, आणि मग आत कुणीतरी सुपात तांदूळ निवडत बसल्यासारखा हलका कुरकुर आवाज. तो ऐकला की आप्पा भिंतीला धरून यायचे. माझी त्या आवाजाशी ओळख झाली होती. हवा दमट असेल तर शीळ चढायला वेळ लावायची. त्या दिवशी मी यंत्राला जरा जास्त वेळ नुसतंच फिरू द्यायची आणि आप्पा, शिधा मिळेपर्यंत थांबलेल्या माणसासारखे, शेजारी बसून राहायचे.

गणपती जवळ आले. चतुर्थीच्या संध्याकाळी आमच्या घरच्या गणपतीपुढे भजन असायचं, ते आप्पांच्या पखवाजाने सुरू व्हायचं. झटक्यानंतरचा हा घरचा पहिला गणपती. आप्पा पट्ट्यांवर डावा हात बसवत होते. नेमकं तेव्हाच हेदवीहून माहेरचा निरोप आला, आई आजारी आहे. मी गेले. आईला बरं वाटलं तशी परत आले.

घरात पाऊल टाकलं तर यंत्राची खोली रिकामी.

"माई, यंत्र कुठे आहे?"

"आहे गो. वर ठेवलंय, पखवाजाच्या शेजारी." माईंचा चेहरा इतका समाधानी होता की मला लगेच काही कळलंच नाही. "तू नाहीस, पावसाने तर ताळ सोडलान. ते तुझे खडे सगळे गुलाबी. मला काय ते तडकू न देता भाजायला जमेना. म्हटलं, हे काय रोज रोज लाडवाच्या बेसनासारखं भाजायचं? शेजारच्या दोघांना बोलावलं, त्यांनी चढवलंनी. त्या चौकोनी पाट्यांचा डबा पण ठेवलाय बाजूला. एकाचं सामान एकाकडे असावं."

मी वर पाहिलं. सुक्या बांगड्यांच्या माळेपलीकडे, धुराने चॉकलेटी झालेलं, आप्पांचा उजवा हात पोटात घेतलेलं यंत्र बसलं होतं. खाली चूल पेटलेली होती.

चुकीचं काय झालं हे माईंना सांगणं अवघड होतं, कारण त्यांनी त्यांच्या माहितीतली सगळ्यात चांगली जागा त्याला दिली होती. उतरवलं, पुसलं, एक अख्खा दिवस गार होऊ दिलं. मग चालू केलं. शीळ आली, अर्ध्यावर चढली, आणि आत दाताखाली खडा यावा तसा आवाज झाला. तांदूळ नाही, नुसता खडा. पडद्यावर उमटलं की डिस्क तयार नाही. सरकारी कचेरीसारखं, तयार नाही, का ते विचारू नये. विश्वासने डिस्कवरच्या आवाजांच्या प्रती फ्लॉप्यांवर काढून ठेवल्या होत्या, पण त्या पाट्यांचा डबा म्हणजे हाच फ्लॉप्यांचा डबा. त्या चुलीची धग लागून केळीच्या पानासारख्या वाकल्या होत्या.

आप्पा दारात उभे होते. "गेला?"

"बघते अजून, आप्पा."

"हात गेला का विचारतोय." मग माईंकडे न बघता म्हणाले, "जाऊ दे. एकदा गेलेलाच होता."

 त्या दिवसापासून माईंनी चूल पेटवली नाही. आंघोळीचं पाणीसुद्धा स्टोव्हवर तापवायला लागल्या आणि रॉकेल संपलं तेव्हा थंड पाण्याने न्हाल्या.

बातमी वाडीत पसरायला वेळ लागत नाही. पांडुबुवा आले, खुर्चीवर बसले, घसा खाकरला. "आप्पा, चिंता नको. माझा पुतण्या बसेल पखवाजाला. तयारीचा आहे. आणि मंडळाच्या वतीने आपण तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. तुमच्या प्रदीर्घ सेवेचा—"

"नको."

"अहो, शाल आणून ठेवली आहे मी."

"शाल पांघरली की परत कुणी पखवाज देत नाही, बुवा."

बुवांनी दुसरा उपाय काढला. "मग पुतण्याचे बोल भरू या की यंत्रात. वाजवा तुम्हीच."

"परक्याचा हात लावू?" आप्पा म्हणाले. "त्यापेक्षा थोटा बरा."

बुवा खरोखर मदतच करत होते, म्हणून तर त्यांना थांबवणं कठीण होतं. चतुर्थीच्या संध्याकाळी यंत्र बोललं नाही तर पुतण्या पखवाजाला आणि आप्पा शालीत, असं ठरवून ते गेले. आप्पांना काही न विचारता.

वाचनालयात खण उघडताना मला एक विसरलेली फ्लॉपी दिसली. डांबराच्या गोळ्या आणि रबरी शिक्के यांच्यामधे. विश्वासने आवाजाची प्रत कशी काढायची ते शिकवताना माझ्याकडून सरावाला एक काढून घेतली होती, आणि मी ती वाचनालयात लोकांना दाखवायला आणली होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी सांगितलं होतं की यात आवाज आहे. त्यांनी ती कानाला लावली, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अस्पष्ट आहे." तेव्हापासून ती खणात पडून होती.

यंत्राला डिस्कवाचून फ्लॉपीवरून आवाज घेता येत असे, पण फ्लॉपीच्या फटीत काजळी बसली होती. आतल्या वाचणाऱ्या टोकाला मी काडीला कापूस गुंडाळून स्पिरिट लावत राहिले. पहिला कापूस काळा निघाला, पुढचा तपकिरी, त्याच्यापुढचा चहासारखा. कापूस पांढरा निघाला तेव्हा फ्लॉपी घातली. खूप वेळ घरघरली. मी पट्टी दाबली.

ता.

एवढाच. सरावाला एकच काढला होता. आप्पांनी डाव्या हाताने तो परत परत वाजवला आणि थांबले. एका अक्षराचं भजन होत नाही. मग त्यांनी फळीकडे मान केली. "पखवाज काढ."

डावा हात त्यांचा होताच. तो कणकेच्या बाजूला बसवता आला असता, पण मग पट्टी कोण दाबणार? मी बसले. ताल मला पाठ होता, मी मनात मात्रा मोजत होते आणि बरोबर दाबत होते. आप्पांनी मधेच हात उचलला. "तू मोजतेस."

"मग काय करू?"

"मोजू नको."

ग्रंथपालाला हे जमणारं नव्हतं. माई ओट्यापाशी पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक मळत होत्या. लग्न होऊन आल्यापासून ती कणीक त्याच मळत. हात पुसून त्या आल्या. "सरक गो," म्हणाल्या, आणि एका बोटाने, शेगडी विझलीय का बघावी तसं, पट्टीला हात लावला.

चतुर्थीच्या संध्याकाळी माणसं जमली. बुवा पिशवीत शाल घेऊनच आले होते. पुतण्या शेजारी अंग आखडून बसला होता. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच नको होतं. आप्पा मधे, पखवाजाची डावी बाजू मांडीशी. उजवीकडे, जिथे पखवाजाची दुसरी बाजू असते, तिथे यंत्र, आणि यंत्रापुढे माई. देवापुढे बाईने तालाला बसावं का, असा प्रश्न दोघातिघांच्या भुवयांत दिसला, पण तोवर आप्पांचा घे पडला होता, आणि त्यावर ता आला. ना, दिं काही नव्हते, कावळाही नव्हता. घे आणि ता. चालणाऱ्या माणसाची दोन पावलं. बुवांनी अभंग धरला आणि एकदा धरल्यावर ते चांगलेच गायले, माइक नव्हता तरी.

आरती झाल्यावर बुवांनी शाल काढली. ती आणलेली होती, म्हणजे कुणाला तरी घालणं भाग होतं. आप्पांनी मान हलवली, माईंनी पदर सावरला. बुवांनी क्षणभर विचार केला आणि शाल यंत्रावर पांघरली.

"काढा ती," माई म्हणाल्या. "आतला पंखा कोंडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली.

थंडीत विश्वास आला. येताना नवी डिस्क आणली आणि आप्पांच्या सगळ्या बोलांच्या फ्लॉप्याही. जहाजावरचा माणूस प्रत्येक वस्तू दोनदा बाळगतो, एक संच त्याने बरोबर नेला होता. हे मला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. त्यावर मी त्याला जे बोलले ते ललित लेखात बसणारं नाही. त्याने डिस्क बसवली, सगळे बोल पट्ट्यांवर पूर्वीसारखे लावले. आप्पांनी डाव्या हाताने ना वाजवला, दिं वाजवला, कावळ्याला ऐकून हसले. आता त्यांना कुणाची गरज नव्हती.

"झकास आहे," ते म्हणाले. मग पखवाज जवळ ओढला. "पण ती उजवीकडे बसलेली बरी."

म्हणून पुढचे सगळे पावसाळे मी ती डिस्क सांभाळली, अख्खा पखवाज पोटात असलेली, एका पट्टीसाठी. खडे भाजले, जाळी धुतली, सुई कडेला नेली. यंत्र पुन्हा फळीवर चढलं नाही; माईंनी त्याच्यासाठी जुन्या लुगड्याची झालर शिवली, पंख्याची जागा मोकळी सोडून.

आता आप्पा-माई दोघंही नाहीत आणि यंत्रही नाही. पण भाजलेले खडे डबीत भरून कानातलं यंत्र त्यांच्यावर ठेवताना मला त्या भजनातली एक गोष्ट नेहमी आठवते. माईंचा ता किंचित उशिरा यायचा. यंत्राचा दोष नव्हता, मी तपासलं होतं. आयुष्यभर बुवांना मात्रेवर ओढून आणणारे आप्पा तेवढे थांबायचे. घे वाजवून हात तसाच वर धरायचे, तो येईपर्यंत.